घरात आणखी कोण गाडी चालवतं?

डेट्रॉइट,
१२ फेब्रुवारी

प्रिय लमार,

ट्रेनिंग कँपातून तुझं पत्र पोचलं. मम्माने ते आधी दारातच उभ्याने वाचलं, मग कोट काढून बसून वाचलं, आणि आता ते फ्रिजवर लावलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते. ‘सार्जंट’ हा शब्द आला की आवाज जाड करते. पाकिटावर चित्रंबित्रं दिसली की सगळ्या तुकडीसमोर जोर काढायला लावतात असं तू लिहिलं होतंस, म्हणून नायलाने डकवलेली दोन गुलाबी हृदयं मी नखाने खरवडून काढली. तिला मात्र सांगितलं नाही.

बुटांनी पाय सोलले होते ते भरले का? पोटभर जेवायला मिळतं का? इकडे बर्फ पडतं, वितळतं, पुन्हा गोठतं. डॅडींची सेकंड शिफ्ट चालूच आहे. मम्माच्या शाळेच्या स्वयंपाकघरात नवा ओव्हन आलाय आणि त्याचं कौतुक ती असं सांगते जणू नवी सून आणलीय. माझे लायब्ररीतले वाचनवर्ग बरे चाललेत. एका चिमुरडीने परवा पहिल्यांदाच अख्खं पान न अडखळता वाचलं, पुस्तक मिटलं आणि मला म्हणाली, “आता तुम्ही घरी जाऊ शकता.” अशा दिवसांसाठीच मी हे काम धरलं.

आता मोठी बातमी. आपली धाकटी नायला सोळाची झाली, आणि तिच्यासाठी गाडी आली. चर्चमधल्या सिस्टर ब्रँटलींना आता दिसत नाही, त्यांची जुनी करडी ब्यूइक डॅडींनी घेतली. नायलाला दुपारचा नर्सिंगचा वर्ग मिळालाय तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिकडे सरळ बस जात नाही. दोन बस बदलाव्या लागतात. लोक बदलतात दोन बस. मी चार वर्षं बदलल्या. असो.

गाडी आली तेव्हा सगळे खूश होते. मग शनिवारी डॅडी, मम्मा आणि नायला विम्यासाठी मिस्टर टॉलिव्हरकडे गेले. त्यांनी आकडा एका चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी पालथी केली आणि टेबलावरून डॅडींकडे सरकवली, डॉक्टर वाईट बातमी देतात तशी.

“ही गाडीची किंमत झाली का?” डॅडींनी विचारलं.

“वर्षाच्या विम्याची. सोळा वर्षांची मुलगी, आणि तुमचा पत्ता डेट्रॉइटचा. मी काय करू?”

“अहो, गाडी यापेक्षा स्वस्तात आणलीय मी!”

“मग गाडी विकून टाकू,” मम्मा म्हणाली, “आणि विम्यालाच चाकं लावू.”

हे सगळं मला घरी आल्यावर नायलाने दोघांचे आवाज काढून करून दाखवलं. नक्कल ती छान करते. तर टॉलिव्हरनी एक वाट सांगितली: मुलीची सरासरी ‘बी’ असेल तर बरीच सवलत मिळते. शाळेत नीट वागणारी मुलं रस्त्यावरही नीट वागतात, असं कंपनी मानते. नायलाची सरासरी ‘सी’च्या जरा वर. बीजगणिताने बुडवलं. जेवताना सगळ्यांचे डोळे हळूहळू माझ्याकडे वळले.

“तुला देवाने डोकं दिलंय, हिला हसू दिलंय,” मम्मा म्हणाली. “जरा वाटून घ्या.”

मी ‘हो’ म्हटलं. एप्रिलच्या कार्ड मार्किंगपर्यंत, म्हणजे पुढचं प्रगतिपुस्तक येईपर्यंत, तिला ‘बी’वर आणायचं.

तू विचारशील म्हणून आधीच लिहिते: मला काही वाटलं नाही. गाडीचं स्वप्न मी कधी पाहिलंच नाही. बसमध्ये शहर भेटतं. ज्या शहरात कामावर जायलाही माणसाला आधी कर्ज काढावं लागतं, तिथे बसने जाणं हेच एक मत असतं. हे मी महापालिकेच्या सुनावणीत बोलले होते. तू मागच्या रांगेत झोपला होतास. पत्त्यावरून विम्याचे दर ठरवणं अन्याय आहे, हे मी आजही म्हणेन, नायलासाठीसुद्धा म्हणेन.

पायांना व्हॅसलिन लाव.

तुझी,
कॉर्लिस


९ मार्च

प्रिय लमार,

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. “नायलाला सांग, ब्यूइकचा ब्रेक आधी तपासून घे.” माझ्यासाठी एक ओळ होती: “तू ठीक ना?” मी ठीक.

लेंटच्या उपवासाआधीच्या फॅट ट्यूजडेला डॅडींनी हॅमट्रॅमकहून डझनभर पंचकी, ते पोलिश डोनट, आणले. जॅमचे सगळे नायलाला, कारण ती “अभ्यास करतेय”. मी शिकवतेय, त्याला काय लागतं?

रोज जेवण झालं की आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो. मी तिला मुळापासून शिकवते. समीकरण म्हणजे तराजू, एका पारड्यातून काढलं की दुसऱ्यातून काढायचं, का काढायचं. ती पेन्सिल चावते.

“उत्तर काय ते सांग ना.”

“उत्तर महत्त्वाचं नाही. तिथे तू कशी पोचलीस ते महत्त्वाचं.”

“कॉर्लिस, मला उत्तरापर्यंत नाही, वर्गापर्यंत पोचायचंय. गाडीने.”

मम्मा भांडी घासताना इतकी हसली की तिच्या हातातलं झाकण पडलं. मीही हसले. पण तिला समजतं, लमार. आळशी आहे, मठ्ठ नाही. गेल्या आठवड्यातल्या चाचणीत तिला ‘बी’ मिळाला आणि तिने तो कागद बाहेर नेऊन थेट ब्यूइकच्या काचेला चिकटवला.

डॅडी कामावर जाण्याआधी रोज त्या गाडीचं इंजिन सुरू ठेवतात, बॅटरी मरू नये म्हणून. नायला शाळेतून लवकर आली तर तिला चालकाच्या जागेवर बसवतात आणि स्वतः शेजारी बसतात. गाडी जागची हलत नाही. ती हलणाऱ्या गाडीसारखं चाक फिरवते आणि ते हसतात, डोकं मागे टाकून, दात दाखवून. मी खिडकीतून पाहते. असे हसताना मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. तुझ्याबरोबर हसले असतील, तेव्हा. माझ्याबरोबर नाही.

तो विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. काढते.

तू सतरा वर्षांचा असताना लाल दिव्यातून गाडी घातलीस. देवाची कृपा, कोणी गेलं नाही. तू पुष्कळ रडलास, मीही रडले. पण मी तेव्हा सोळाची होते आणि ड्रायव्हिंग स्कूलचे दोन्ही भाग पास झाले होते, हे तुला आठवतं का? फक्त लायसन्स काढायचं राहिलं होतं. डॅडी म्हणाले, “तू लायसन्स काढलंस की त्या क्षणी कंपनीला कळतं, या घरात आणखी एक पोर आहे. याच्यामुळे हप्ता आधीच छतावर गेलाय. जरा थांब.” ‘जरा’ म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. मी शहाणी मुलगी होते. त्या वर्षी मला सगळ्या विषयांत ‘ए’ होता.

परवा मम्मासोबत मी टॉलिव्हरच्या ऑफिसात गेले होते. भिंतीवर त्या ‘बी’च्या सवलतीचा कागद आहे. उन्हाने पार पिवळा पडलाय. मी विचारलं, “हे कधीपासून आहे?”

“माझ्या केसांना रंग होता तेव्हापासून,” ते म्हणाले.

म्हणजे तेव्हाही होती. माझं प्रगतिपुस्तक घेऊन कोणीही त्यांच्याकडे गेलं नाही. कदाचित तुझ्या अपघातानंतर त्या सवलतीने काही भागलं नसतं. नसेलही भागलं. पण विचारलंही नाही, लमार. घरी येताना मी मम्माला म्हटलं, तर ती म्हणाली, “अगं, गाडी असती तर तू भटकली असतीस. बसमध्ये बसून अभ्यास केलास म्हणून या घरातली पहिली ग्रॅज्युएट झालीस. त्या बसचे आभार मान.” ती मनापासून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीही आलं. मी खिडकीबाहेर पाहत बसले.

आता एक गोष्ट सांगते. ती घरात कोणालाच माहीत नाही. तुझा फोन काढून घेतलाय आणि तू कोणाला सांगू शकत नाहीस, म्हणून तुला.

माझ्याकडे लायसन्स आहे. नोव्हेंबरात काढलं. लायब्ररीतल्या मिसेस ओडम मला आपल्या छोट्या गाडीत शिकवायच्या, काम संपल्यावर, चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. घरी मी सांगायचे की कामावर बैठक आहे. परीक्षा घेणारा माणूस म्हणाला, “तुम्ही फार जपून चालवता.” ख्रिसमसच्या जेवणाला सांगायचं ठरवलं होतं. कार्ड खिशात घेऊन बसले होते. सांगायला तोंड उघडलं, आणि डॅडी म्हणाले, “सिस्टर ब्रँटली ब्यूइक विकतायत. मी विचार करतोय, आपल्या धाकटीसाठी घ्यावी.” मग मी रताळ्याच्या पाईची बशी पुढे केली.

कार्ड लायब्ररीच्या ओळखपत्रामागे आहे. रोज बस-स्टॉपवर उभी राहते तेव्हा ते माझ्या खिशात असतं.

नायलाला ‘बी’ मिळेल. मी वाईट शिकवू शकत नाही. एक दिवस प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

कॉर्लिस


६ एप्रिल

प्रिय लमार,

तुझं लांब पत्र मिळालं. “तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही,” असं तू लिहिलंयस. मला माहीत आहे. तुझ्या डोक्यात यायला हवं होतं, असं मला अजून वाटतं, आणि तरी तू नीट जेव, नीट झोप, ही प्रार्थनाही मी करते. दोन्ही एकदम होतं.

नायलाला ‘बी’ मिळाला. बीजगणितात तर ‘बी प्लस’. ती घरभर नाचली, मला उचलायचा प्रयत्न केला, आम्ही दोघी सोफ्यावर पडलो. तिने हट्ट धरला की टॉलिव्हरकडे सगळ्यांनी जायचं, मीसुद्धा, कारण “हा ‘बी’ अर्धा तिचा आहे.” शनिवारी आम्ही चौघं त्यांच्या टेबलासमोर बसलो. नायलाने प्रगतिपुस्तक असं ठेवलं जणू पत्त्यांतला एक्का.

टॉलिव्हरनी चष्मा लावला, पाहिलं, ‘वा’ म्हटलं, आणि कॉम्प्युटरवर एकेक प्रश्न विचारू लागले. मग म्हणाले, “घरात आणखी कोण गाडी चालवतं? लायसन्स असलेलं कोणीही. गाडीला हात लावत नसलं तरी सांगायचं.”

“मी आणि ही,” डॅडींनी मम्माकडे बोट दाखवलं. “मोठा सैन्यात आहे. बस.”

“आणि या? आमच्या ग्रॅज्युएट?”

मम्मा हसली. “ती? ती बसची राणी आहे.”

टॉलिव्हर हसले आणि त्यांचं बोट पुढच्या प्रश्नाकडे गेलं. मी गप्प बसले असते तर ते बोट पुढे गेलंच असतं.

लमार, मी खोटं बोलत नाही, हे तुला माहीत आहे. लहानपणी तुझ्यासाठीसुद्धा बोलले नाही, आणि त्यावरून तू मला किती चिमटे काढलेस. पुढे कधी नायलाचा अपघात झाला असता आणि कंपनीने नोंदी उघडल्या असत्या, तर लपवलेल्या लायसन्सवरून सगळा दावा अडला असता, हेही मला माहीत होतं. हे सगळं खरं. पण त्या क्षणी माझ्या मनात जे पेटलं होतं ते खरेपणाचं प्रेम नव्हतं. माझं सत्य आणि माझा हेवा त्या दिवशी एकाच बाजूला उभे होते, आणि मला कोणी ढकललं ते मी आजही सांगू शकत नाही.

“माझ्याकडे लायसन्स आहे,” मी म्हटलं.

“कसलं?” मम्मा म्हणाली. जणू ते कुत्रा पाळायचं लायसन्सही असू शकतं.

मी कार्ड काढून टेबलावर ठेवलं, प्रगतिपुस्तकाशेजारी.

“तुझ्याकडे लायसन्स आहे?” नायला ओरडली. “आणि तू त्या थंडीत स्टॉपवर उभी राहतेस? वेडी आहेस का गं तू?”

“कधी काढलंस?” मम्माने विचारलं.

“नोव्हेंबरात.”

डॅडी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले.

टॉलिव्हरनी माझं वय घातलं. पंचविशीच्या आतली, चालवण्याचा अनुभव नाही. नवा आकडा आला. या वेळी चिठ्ठी पालथी करायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. ‘बी’ची सगळी सवलत माझ्या नावाने गिळली होती आणि वर आणखी मागत होती.

नायला रडली नाही. तिने प्रगतिपुस्तकाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. “चालेल,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी बघू. मी बसने जाईन. कॉर्लिस नाही का जायची.”

आणि लमार, मला आनंद झाला. हे कोणाला तरी सांगायलाच हवं. उन्हातून येऊन थंडगार पाणी प्यायल्यासारखा आनंद झाला. दोन घोट. मग तिच्या बोटांतली ती घडी दिसली आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

“एक उपाय आहे,” टॉलिव्हर म्हणाले. “मोठीला नावानिशी वगळायचं. या गाडीला तिने कधीच हात लावायचा नाही. लावला, तर त्या वेळी विमा नाही असं समजायचं. मग तिचे पैसे लागत नाहीत. पुष्कळ घरं असं करतात.”

सगळे डॅडींकडे पाहू लागले. मीही. डॅडींनी नाही म्हणावं, असं मला वाटत होतं. पैसे कुठून येणार ते माहीत असूनही वाटत होतं. निदान थोडा वेळ तरी त्यांनी घ्यावा.

ते माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. आवाज अगदी साधा, मीठ पुढे करायला सांगावं तसा. “कॉर्लिस, तू तशीही बसनेच जातेस ना?”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी टॉलिव्हरकडे पेन मागितलं.

गाडीत ठेवायचं विम्याचं कार्ड तिथेच छापून मिळालं. त्यावर ठळक अक्षरांत ‘सावधान’ आहे, आणि त्याखाली माझं पूर्ण नाव: ही व्यक्ती गाडी चालवत असेल तर विमा लागू नाही. गाडीत बसल्यावर नायलाने ते मोठ्याने वाचलं. “बाई गं! ‘सावधान’ आणि खाली कॉर्लिस. ‘कुत्र्यापासून सावध रहा’ असतं ना, तसं!” मम्मा फिस्सकन हसली, मग तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि खोकल्याचं निमित्त केलं.

घरी येताना गाडी नायलाने चालवली. वळणाच्या कितीतरी आधी दिवा लावते, खड्डे चुकवते, मागच्याने हॉर्न मारला तरी गडबडत नाही. माझ्यापेक्षा चांगली चालवते. हेही लिहून टाकते, म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर डॅडी पायरीवर बसले होते. मी दार उघडायला गेले तर म्हणाले, “तू मला सांगायला हवं होतंस.”

“सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?”

त्यांनी विचार केला. प्रामाणिक माणूस आहे, लमार. खोटं न बोलणं माझ्यात त्यांच्याकडूनच आलंय. “‘थांब’ म्हणालो असतो,” ते म्हणाले.

मी आत गेले. रडले वगैरे नाही. कपाटातून स्वेटर काढून घड्या घालत बसले. त्या घालताना कळलं की मी सामान बांधते आहे.

मिसेस ओडमच्या घरातली वरची खोली रिकामी आहे. भाडं मला परवडेल, जेमतेम. मी टॉलिव्हरना फोन करून विचारलं. ते म्हणाले, त्या घरात राहणाऱ्यांचाच प्रश्न येतो. तुम्ही तिथे राहत नसाल तर तुम्हाला वगळायचीही गरज उरत नाही, नवीन कार्ड येईल. मग त्या कार्डावर फक्त डॅडी, मम्मा आणि नायला असतील. मला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल.

आज रात्रीच्या जेवणाला घरी सांगणार आहे. मम्मा म्हणेल, गाडीवरून कोणी घर सोडतं का? मी म्हणेन, काम तिथून जवळ आहे, आणि ते खरंच आहे. लायब्ररीपर्यंत चालत जाता येतं. बसवरच्या माझ्या भाषणांचं काय करायचं, ते बघेन. त्या रस्त्यावर बस धावते ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त यापुढे तीत बसले तर मी ठरवून बसेन.

एकच अडचण आहे. पलंग, टेबल आणि पुस्तकांची खोकी ओडमबाईंच्या छोट्या गाडीत मावत नाहीत. ब्यूइकच लागेल. म्हणजे नायलाला विचारावं लागेल. वाक्य साधंच आहे, “शनिवारी मला सोडशील का?” सकाळपासून दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आले. ती ‘नाही’ म्हणणार नाही. लगेच ‘हो’ म्हणेल, मागची सीट स्वतः आडवी करेल, माझी खोकी उचलेल, आणि वाटेत गाणीही लावेल.

तेवढंच मला सहन होत नाही.

या घरात राहणाऱ्यांत, शनिवारपर्यंत,
तुझी बहीण,
कॉर्लिस